चढावरची सायकल

वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाढलेल्या माणसाला चढ म्हणजे काय, हे सायकलवरून सहसा कळत नाही. किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंतचा सारा मुलूख तळहातासारखा सपाट. वाड्यांतली भाजी, केळी, फुले कॅरिअरवर लादून माणसांनी पिढ्यान् पिढ्या स्टेशन गाठले. त्यांना त्रास झाला तो समोरच्या वाऱ्याचा, पावसाचा आणि खड्ड्यांचा. रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला गेले, की मात्र चित्र पालटते. गोखिवरे, वालीव, सातिवलीचे कारखाने मागे पडतात, अहमदाबादचा महामार्ग आडवा येतो आणि त्याच्या पलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर उभा राहतो. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला पायी जाणाऱ्यांची ही जुनी वाट. २००३ साली या डोंगराला वन्यजीव अभयारण्याचा दर्जा मिळाला. वाट बऱ्याच ठिकाणी गोट्यांची, मुरमाची, मधूनमधून ओढे आडवे येणारी. आणि मंदिर मागे टाकून परशुरामकुंडाकडे वळले, की अधिकच उभी.

अलीकडे रविवारी पहाटे या वाटेला सायकली लागतात. त्यांत कचेरीत बसणारे आहेत, विद्यार्थी आहेत आणि आठवड्याचे सहा दिवस यंत्रापुढे उभे राहणारे कारखान्यातले तरुणही आहेत. जाड टायरची, सरळ हँडलची, गियरची सायकल हप्त्याने घ्यायची, आठवडाभर तिच्यावरून कामाला जायचे आणि सुटीच्या दिवशी डोंगर चढायचा, असा हा क्रम आहे. तो आम्हांला फार आवडतो. पण यांपैकी पुष्कळ जण निम्म्या वाटेवर उतरून सायकल ढकलताना दिसतात, काहींचे गुडघे महिनाभर दुखतात, आणि मग दहा-पंधरा हजारांची सायकल गॅलरीत कपडे वाळत घालण्याच्या कामी येते. तरुण म्हणतो, "आपल्यात दम नाही." आमचे म्हणणे असे, की दहातल्या आठ वेळा दम पुरेसा असतो, दाते चुकलेले असतात.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वजन, वेग, फेऱ्या आणि थकवा यांचा हिशेब मालकाशी घालता घालता आमचे निम्मे आयुष्य गेले. तोच हिशेब सायकलला लावून पाहू. श्रोत्यांनी आकड्यांना भिऊ नये. बेरीज-गुणाकारापलीकडे यात काही नाही.

माणूस ७० किलोचा आणि सायकल १५ किलोची, असे एकूण ८५ किलो वजन धरू. रस्ता दहा मीटर पुढे जाताना एक मीटर वर चढतो आहे. अशा चढावर त्या वजनाचा दहावा भाग, म्हणजे साडेआठ किलोचा जोर, सतत मागे ओढत असतो. कच्च्या वाटेवर चाक फिरवण्यासाठी वरती आणखी सुमारे दोन किलो लागतात. म्हणजे साडेदहा किलोची ओढ घेऊन आपल्याला वर जायचे आहे. ताशी पाच किलोमीटर, म्हणजे सावकाश पायी चालण्याच्या वेगाने गेले तरी यासाठी सुमारे एक-पंचमांश अश्वशक्ती खर्ची पडते. धडधाकट पण शर्यतीची तालीम न केलेल्या माणसाने बराच वेळ टिकवावी, अशी जवळजवळ एवढीच त्याची ताकद असते. तेव्हा वेग ठरून गेला: ताशी पाच किलोमीटर. तो आपल्या शरीराने ठरवला, दुकानदाराने नव्हे.

आता हीच ताकद पायडलवर कशी उतरते ते पाहा. आपली जुनी काळी, बिनगियरची सायकल घ्या. पुढे ४४ दाते, मागे १८ धरले, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. त्याच फेरीत आपले पाऊल केवळ १.०७ मीटरचे वर्तुळ काटते. पाऊल एक मीटर हलवून सायकल पाच मीटर हलवायची, म्हणजे जोर पाचपट लावावा लागणार. साडेदहा किलोला पाचाने गुणा: पायडलवर सरासरी ५३ किलो. हीसुद्धा सरासरी झाली. पायडल अगदी वर आणि अगदी खाली असताना पायाचा जोर वाया जातो, म्हणून मधल्या टप्प्यात तो दीड-दोनपट, म्हणजे ८० ते १०० किलो पडावा लागतो. माणूसच ७० किलोचा! तो पायडलवर उभा राहिला तरी सायकल पुढे सरकणार नाही. हँडल ओढून, दात-ओठ खाऊन चार फेऱ्या मारील आणि उतरेल. यात दम कमी पडला असे कोण म्हणेल?

आता पुढे २२ दाते आणि मागे ३४ दाते लावा. पायडलच्या पूर्ण फेरीत मागचे चाक दोन-तृतीयांशही फिरत नाही, आणि २६ इंची चाकाची सायकल १.३४ मीटर पुढे जाते. सरासरी जोर लागतो तेरा किलो. ताशी पाच किलोमीटरच्या वेगाला मिनिटाला सुमारे ६२ फेऱ्या पडतात. काळ्या सायकलवर याच वेगाला १५ पडल्या असत्या. चढ तोच, वजन तेच, खर्चलेली एकूण शक्तीही तीच. जो भार पंधरा घावांत उचलायचा होता, तो बासष्ट घावांत वाटला गेला, एवढाच फरक. पण हाच फरक गुडघ्याची वाटी आणि मांडीचा स्नायू ओळखतात.

हमालांना हे समजावून सांगावे लागत नाही. शंभर किलोची गोणी पाठीवर घ्यायची की पन्नास किलोच्या दोन खेपा करायच्या, हा प्रश्न आपल्याकडच्या बाजारांत वर्षानुवर्षे गाजला. माल तेवढाच हलतो, पण एका पद्धतीत माणूस चाळिशीत कमरेतून वाकतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली आणि महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यामागे असे अनेक वाकलेले कणे होते. तेव्हाही हलकी गोणी मागणाऱ्याला आळशी म्हणणारे होतेच. आज डोंगरावर हलका गियर लावणाऱ्याला "आजोबांचा गियर" म्हणून चिडवणारे आहेत. दोघांचीही जात एकच.

सायकलच्या इतिहासात तर या चिडवण्याला मोठी परंपरा आहे. फ्रान्समधली ती जगप्रसिद्ध सायकल शर्यत सुरू करणारा हेन्री देग्रांज हा संपादक गियर बदलण्याच्या युक्तीचा कट्टर विरोधक होता. असली साधने पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक, मर्दाने एकाच गियरवर डोंगर चढावा, असे त्याने १९०२ सालीच छापले होते. त्याच फ्रान्समध्ये सेंत-एत्येन गावचा पॉल द व्हिव्ही हा सायकलवेडा अनेक गियरांची बाजू मांडत राहिला आणि स्वतः डोंगर चढून ती सिद्धही करीत राहिला. तरी शर्यतीत साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्राला मोकळीक मिळायला १९३७ साल उजाडले. तोवर आल्प्सच्या पायथ्याशी शर्यतवीर खाली उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या दातेरी चकतीवर चढ चढत! आम्ही स्वतः पंचेचाळिशी केव्हाच ओलांडली असल्यामुळे देग्रांजसाहेबांची सवलत आनंदाने घेतो. पण पंचविशीतल्यांनीही ती घ्यावी.

डोंगरी सायकल हा प्रकार त्यानंतरचा. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या, एकाच गियरच्या सायकली उतारावरून धूळ उडवीत सोडत. १९७६ पासून त्यांच्या शर्यतीही होऊ लागल्या. वर मात्र सायकली ढकलत किंवा गाडीत घालून न्याव्या लागत. तेव्हा त्याच सांगाड्यांवर गियर बसले आणि त्यातून आजची माऊंटन बाईक घडत गेली. १९९६ साली ती अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोचली. उतरण्याच्या हौशीतून जन्मलेल्या सायकलला 'डोंगरी' म्हणवून घेण्याचा हक्क मिळाला तो चढण्याच्या दात्यांमुळे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता दुकानात जाऊ. तिथे गिऱ्हाईक हमखास विचारतो, "गियर किती?" दुकानदार सांगतो, "एकवीस." गिऱ्हाईक खूश! हा प्रश्न चुकीचा आहे. एकवीस म्हणजे पुढच्या तीन चकत्या गुणिले मागच्या सात. स्वस्त सायकलींवर पुढे ४८, ३८, २८ आणि मागे १४ पासून २८ पर्यंत दाते पुष्कळदा सापडतात. यातले ४८ ला २४ आणि २८ ला १४ हे दोन गियर तंतोतंत एकच आहेत. दोन्हींत चाक दोनदा फिरते. असे जुळे-तिळे वगळले, की एकविसातले खरे वेगळे गियर बरेच कमी उरतात. पगारपत्रकावर भत्त्यांची दहा नावे असतात आणि हातात पडणारी रक्कम वाढत नाही, त्यातलाच हा प्रकार.

विचारायचा प्रश्न एकच: सर्वांत हलका गियर कोणता? पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी चकती, यांचे दाते मोजा. बहुतेक ठिकाणी आकडा चकतीवर कोरलेला असतो. नसेल तर खडूची एक खूण करून बोटाने मोजा, दुकानदार कंटाळला तरी चालेल. पुढचे दाते भागिले मागचे दाते. उत्तर एक आले, म्हणजे २८ ला २८, तर २६ इंची सायकल एका फेरीत दोन मीटरहून थोडी अधिक जाते, जोर वीस किलो लागतो आणि आपल्या ठरलेल्या वेगाला मिनिटाला चाळीसच फेऱ्या मिळतात. उड्डाणपुलाला हा गियर ठीक आहे, तुंगारेश्वराला नाही. कच्च्या चढावर सामान्य माणसाला पाऊण किंवा त्याहून कमी उत्तर हवे. सायकलवर सामान लादायचे असेल, किंवा वजन नव्वदीच्या पुढे असेल, तर ०.६५ च्या आसपास.

ज्यांनी सायकल आधीच घेतली आहे, त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. मागची सात चकत्यांची फ्रीव्हील आटे फिरवून काढता येते आणि तिच्या जागी १४ ते ३४ दात्यांची फ्रीव्हील बसते. नव्या सायकलच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ. पुढे २८ दाते असले, तर या एका बदलाने जोर वीस किलोवरून सतरावर येतो. पुढे २४ असले, तर चौदावर. मात्र मिस्त्रीला दोन गोष्टी विचाराव्यात. साखळी सरकवणारा मागचा हात, ज्याला डिरेलर म्हणतात, तो ३४ दाते पेलील असा लांब आहे काय? आणि साखळीला दोन-चार कड्या वाढवाव्या लागतील काय? मोठ्या चकत्यांवर साखळी तोकडी पडली, तर चढावर डिरेलरच मोडून हातात येतो.

महागड्या नव्या सायकलींत पुढे एकच चकती आणि मागे दहा, अकरा किंवा बारा चकत्या असतात. पुढे ३२ आणि मागची शेवटची ५१ दात्यांची असेल, तर हिशेब ०.६३ निघतो. व्यवस्था उत्तम, बदलायला एकच दांडी आणि पुढची साखळी पडण्याचा घोर कमी. पण तसलीच दिसणारी आणि मागे ४२ वर थांबणारी सायकल पाऊणाच्या वर जाते, हे दात्यांचा आकडा वाचल्याशिवाय कळत नाही. शिवाय चाकाचा आकार विसरू नये. २९ इंची चाक २६ इंची चाकापेक्षा एका फेरीत दहा टक्क्यांहून थोडे अधिक अंतर कापते, म्हणजे तेच दाते तेवढेच जड होतात. मोठे चाक गोट्यांवरून सुरेख जाते, यात शंका नाही; त्याच्याबरोबर दोन-तीन दाते अधिक मागून घ्यावेत, म्हणजे झाले.

हलका गियर किती हलका असावा, यालाही सीमा आहे. ताशी तीन-साडेतीन किलोमीटरच्या खाली सायकलचा तोल राहत नाही आणि एकदम जोर दिला, तर पुढचे चाक उचलले जाते. त्याहून उभा चढ आला, तर खुशाल उतरावे. पायी चालणे हासुद्धा एक गियरच आहे. गियर बदलायचा तो चढ लागण्यापूर्वी, पायाचा जोर क्षणभर सैल करून. चढाच्या मध्यावर भार देऊन दांडी ओढली, की साखळी कडकडते आणि एखादे दिवशी तुटते. पुढची मोठी चकती आणि मागची मोठी चकती ही जोडी लावू नये. साखळी तिरपी चालून झिजते.

दाते जमले, पण चाकच जागच्या जागी फिरू लागले तर? इथे टायरचा प्रश्न येतो. तो दात्यांइतका आकड्यांत बसत नाही, कारण जमीन दर दहा पावलांवर बदलते.

आधी मापाचा घोटाळा मिटवू. टायरच्या बाजूला ५४-५५९ असा जोड-आकडा असतो. पहिला टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये; दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. २६ इंची डोंगरी सायकलला ५५९, साडेसत्तावीसला ५८४, एकोणतीसला ६२२. इंचांच्या नावावर भरवसा ठेवू नये, कारण २६ इंची म्हणवणारे दुसऱ्या मापांचे टायरही आहेत आणि ते या रिमवर बसत नाहीत. दुसरा आकडा जुळला, की काम झाले.

रुंदी दोन ते सव्वादोन इंच आपल्या डोंगराला पुरते. सायकलचा सांगाडा त्याहून रुंद टायरला जागा देत असेल तर घ्यावा, पण चिखल लागल्यावरही दोन्ही बाजूंनी बोटभर जागा उरली पाहिजे. आपल्याकडचा पावसाळी चिखल भाताच्या खाचरातला, चिकट. तो टायर आणि सांगाडा यांच्या मध्ये असा भरतो, की चाकच फिरेनासे होते.

हवेविषयी मात्र एक खुळी समजूत पसरलेली आहे: टायर जितका टणक, तितकी सायकल हलकी. डांबरी रस्त्यावर हे बऱ्याच अंशी खरे आहे. गोट्यांच्या वाटेवर उलटे घडते. टणक टायर प्रत्येक गोट्यावर टक्कर देतो आणि माणसासकट सारी सायकल उचलावी लागते; मऊ टायर गोटा पोटात घेतो आणि वरून निघून जातो. शिवाय मऊ टायरचा जमिनीला टेकलेला भाग मोठा असतो, म्हणून मागचे चाक घसरत नाही. हवा भरणारा पोरगा टायरवर छापलेला सर्वांत वरचा आकडा गाठून मोकळा होतो; तो आकडा ही कमाल मर्यादा आहे, हुकूम नव्हे. सत्तर किलोच्या माणसाने दोन इंची टायरमध्ये ट्यूब असताना मागे ३० ते ३५ पौंड आणि पुढे त्याहून तीन-चार पौंड कमी हवा ठेवून पाहावी. फार खाली गेल्यास गोट्यावर आदळून ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी. बिनट्यूबच्या टायरमध्ये हा चिमटा नाही, म्हणून २५ पौंडांपर्यंत उतरता येते, आणि आत ओतलेले चिकट द्रव्य करवंदीच्या काट्याने पडलेले बारीक भोक आपोआप बुजवते. पण ते द्रव्य काही महिन्यांनी आटते आणि पुन्हा घालावे लागते, आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला हा प्रकार ठाऊक असेलच असे नाही. रोज त्याच सायकलवर कारखाना गाठायचा असेल, तर ट्यूब बरी, असे आमचे मत आहे.

टायरवरच्या गाठींचे थोडक्यात सांगतो. मार्च-एप्रिलात वाट कडक आणि वर धूळ असते. तेव्हा मध्ये जवळजवळ बसवलेल्या बुटक्या गाठी आणि कडेला जरा उंच गाठी उत्तम. ओल्या मातीला दूरदूर बसवलेल्या उंच गाठी हव्यात, म्हणजे चिखल फिरता फिरता झडतो. पण हाच टायर महामार्गावर घरघर करीत निम्मा जोर खातो. ज्याला एकच जोडी परवडते, त्याने मध्यम गाठींचा टायर मागे आणि जरा उंच गाठींचा पुढे घालावा. भार ओढायचा तो मागच्या चाकाने, आणि घसरून पडायचे ते पुढच्याने. झिजलेला पुढचा टायर मागे सरकवता येतो. मागचा पुढे कधीच आणू नये. बऱ्याच टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तोही पाहावा. शेवाळलेल्या कातळावर मात्र कोणतीही गाठ धरत नाही. पावसाळ्यात तिथले ओढे बघता बघता फुगतात, आणि वनखात्याने वाट बंद केली असेल, तर ती टायर चांगले असलेल्यांनाही बंदच असते.

चढावर बसावे कसे, हेही टायरशीच निगडित आहे. सीटवरून उठून उभे राहिले, की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि ते मुरमात गरगरते. सीटच्या पुढच्या टोकाशी सरकावे, कोपर खाली घ्यावेत, छाती हँडलकडे झुकवावी. पुढचे चाक जमिनीवर राहते आणि मागचे चावते. पायांचा वेग एकसारखा ठेवावा. एक धक्का, एक विसावा असे केले, की प्रत्येक धक्क्याला मुरूम निसटतो.

उतरण्यापूर्वी दोन्ही ब्रेक एकदा दाबून पाहावेत. आणि हातपंप पिशवीत असू द्यावा. डोंगरासाठी सोडलेली हवा महामार्गाला लागताच परत भरायची असते, नाहीतर वसई रोड स्टेशनपर्यंतच्या सपाट रस्त्यावर ती जड वाटते आणि दोष पुन्हा पायांना दिला जातो. मोजून चाळीस-पन्नास झटके प्रत्येक चाकाला. तेवढ्यात घामही वाळतो.